पाय टेकायला

तीन हजार आठशे चाळीस किलोमीटर.
एकाच हातातली. सर्व्हिस वेळेवर.
टाकीवर एक ओरखडा, उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही,
तोही मी फोनवरच सांगितला.
तीस वर्षं त्रिशूरला गलाई केली,
लोकांचे मोडके डूल, झिजलेल्या अंगठ्या;
घट किती येणार ते भट्टीच्या आधी सांगायचं
ही आमची रीत.

सांगितलं नाही ते एवढंच
की हिची सीट माझ्या कमरेला लागते.

विट्याला कायमचा परत आलो त्या वर्षी घेतली.
शोरूमात मधल्या स्टँडवर होती,
पाय लोंबत होते, पण ते कोण बघतंय.
पोरगा म्हणाला, पप्पा, तुम्ही आणि स्पिती?
म्हटलं, का, स्पिती काय उंच माणसांनीच बघायची?

चालताना ती कुणाची उंची विचारत नाही.
रेवणगावच्या घाटात, एका वळणातून दुसऱ्यात,
मी सहा फुटी.
अडचण थांबायची.
म्हणून मला रस्ते पाठ झाले ते दगडांवरून.
भाळवणीच्या अलीकडं मैलाचा दगड, डावा पाय.
पंपावर हवेच्या मशीनजवळचा कट्टा.
कडेगावच्या चौकात काहीच नाही,
तिथं गर्दी हटेपर्यंत मी गोल फिरत राहायचो.
चहाच्या गाड्यावरची पोरं म्हणायची,
काकांना नाद बघ केवढा, उतरतच नाहीत!
घरी नळापाशी धुण्याचा दगड.
शालन बादली बाजूला घ्यायची, काही बोलायची नाही.

स्पितीचा नकाशा आणला होता.
दगड तिथं रग्गड,
पण कुठला कुठं आहे ते कुणी लिहीत नाही.

रविवारी कुंडलची अनुजा लाड आली,
पलूसच्या एमआयडीसीत नोकरीला, कधीकाळची व्हॉलीबॉलवाली.
चेन, फोर्क, इंजिन नंबर मोबाइलच्या उजेडात,
मी दागिना बघायचो तशीच,
आधी मागची बाजू.
मग खाली वाकून म्हणाली,
काका, डाव्या पेगखाली एवढं खरवडलंय कशानं?
घट समजा, म्हटलं.
तिनं सीटकडं बघितलं, मग माझ्या पायांकडं.
हसली नाही.
दहा हजार कमी करा, म्हणाली.

ट्रायलला मला मागं बसवलं.
लेंगऱ्याच्या रस्त्याला मेंढरं आडवी आली
आणि तिनं गाडी थांबवली. तिथंच.
ना दगड, ना कट्टा, उघड्या माळावर
दोन्ही टाचा सपाट टेकवून उभी.
मेंढरं सरता सरेनात.
या ठिकाणी मी कधीच थांबलो नव्हतो.
डाव्या हाताला एक विहीर निघाली,
कठड्यावर चुन्यानं कुणाचं तरी नाव,
अर्धं पुसलेलं.
वाचून होईपर्यंत तिनं गिअर टाकला.

पैसे, कागद, दुसरी किल्ली,
पंक्चरचं किट अजून प्लॅस्टिकमध्ये.
नकाशा द्यायचा राहिला, की ठेवून घेतला,
माझं मलाच सांगता येणार नाही.

संध्याकाळी नळापाशी शालन कंबरेवर हात ठेवून उभी.
दगडाच्या कडेला माझ्या बुटाची जागा
घासून काळी गुळगुळीत झालेली.
म्हणाली, हा आता परत भिंतीकडं सारा.
तुमच्यासाठी पुढं ओढला होता मी.
एकटीनं?
मग काय.

दोघांनी जोर लावला.
हलेचना.