भाग सतरावा

दांडिया बाजार, तिसरा मजला.
कपाट उघडं ठेवून, दारांवर रजया टाकून
आम्ही चौघं शनिवारी पलीकडे जातो.
मे महिना. पंखा बंद. माइकला शर्वाणीचा मोजा.

परी म्हणायचं नाही, हेतलनं पहिल्याच भागात बजावलं,
परी म्हटलं की पंख, चमकी आणि वाढदिवसाचा केक.
म्हणून आमच्या आसरा.
विश्वामित्रीच्या पुलाखाली त्यांचा दरबार,
मगरी दारवान.
नाव विचारलं तर सांगायचं नाही, एवढा एकच नियम.

शर्वाणीला तो मोडायला सतरा भाग लागले.
आसरेनं
(म्हणजे कैवल्यनं, घसा बसलेला, हातात छास)
नदी ओलांडायची किंमत सांगितली:
बाबा तुला ज्या नावानं हाक मारायचे, ते.
देतेस, की फासा टाकतेस?

फासा तिच्या मुठीतच राहिला.
कैवल्यला वाटलं, खेळातले बाबा.
तो गेल्या वर्षी पुण्याला होता.

रात्री मी कापत बसले:
कुकरची शिट्टी, रिक्षा, हेतलचं नाक ओढणं.
त्यानंतरची अकरा सेकंदं तशीच ठेवली, मुकी.
नाव काढून टाकलं.

त्रेचाळीस जण ऐकतात आम्हाला.
त्यांनी नदी ओलांडलेली नाही.