काळं आलं का?

परळीला तिसऱ्या नंबरचा बॉयलर थंड होऊन
अकराव्या दिवशी ड्रमचं झाकण निघालं.
आधी मेहताब मिस्त्री आत शिरला,
मग मी, गुडघ्यांवर रांगत,
ओढणी कमरेला, टॉर्च दातांत.

आत काळोख नव्हता, काळं होतं.
काळोख टॉर्चला घाबरून मागं सरतो.
हे जागचं हललं नाही,
उडदाच्या सालासारखं पोलादाला घट्ट धरून बसलेलं.
मिस्त्रीनं त्यावरून बोट ओढलं, मला दाखवलं:
"लागलं काही? न्हाई ना.
म्हंजे जित्तं हाय."

मी पुस्तकात शिकले होते ते असं:
तापलेलं, किंचित अल्कधर्मी पाणी पोलादाला भिडतं,
पोलाद पाण्याचाच रेणू मोडून ऑक्सिजन ठेवून घेतं,
हायड्रोजन निघून जातो, निरोपही न घेता.
मागं राहतो मॅग्नेटाइट.
खालचा थर आवळून बसलेला,
जिथलं लोखंड गेलं बरोबर त्याच जागी;
वरचा, पाण्यात जाऊन परत आलेल्या कणांचा, जरा सैल.
थर वाढेल तसं पाण्याला आत पोचणं अवघड,
म्हणून वाढ मंदावत जाते.
थांबते असं मात्र कुणी लिहिलेलं नाही.

गंजच की हा.
गंजाच्या वाटेत आडवा पडलेला गंज.

पीएच साडेनऊच्या आगेमागे हवा.
खाली उतरला तर थर विरघळतो,
आणि नळीच्या एखाद्या वळणात सोडा साचून घट्ट झाला
तर ज्यानं राखायचं तोच खातो.
ज्वारीच्या पिठाला आधणाचं पाणी घालताना
आई वाटी कधी मोजायची नाही.
मी मोजते. दर चार तासांनी. वहीत.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
नागनाथ हाक मारायला आला,
गंगाखेडच्या आयटीआयचा, कामावर येऊन महिना झालेला.
"मॅडम, बघा तर खरं."
ड्रमच्या पोटात दोन हात जागा
तारेच्या ब्रशनं घासून त्यानं आरसा केली होती.
सकाळपासून घासत होता. बोटं सोलली होती.
त्यात मला माझं तोंड दिसलं, टॉर्चसकट.

राखेनं, चिंचेनं घासून चकाकेल ते स्वच्छ:
हे त्याच्या घरी शिकवलं, माझ्याही.
मला रागावता येईना.

मिस्त्री बराच वेळ लोखंडी पायरीवर बसून राहिला.
डबा उघडला, झाकला.
"घरी भाकरीचा तवा हाय न्हवं?"
"हाय."
"त्येचं काळं घासती का आय?"
नागनाथनं ब्रश पाठीमागं नेला.

संध्याकाळपर्यंत त्या दोन हातांवर
ओलसर हवेनं तांबूस चढवलं,
लग्नानंतर आठवड्यानं उरलेल्या मेंदीसारखं.

मग झाकण बसलं.
पाण्यात फॉस्फेट, जाळ बारीक, तीन रात्री उकळायचं.
आत बघायला आता कुणालाच वाट नव्हती,
फक्त नमुन्याची बाटली:
नागनाथ ती जुन्या कापडात गुंडाळून आणायचा,
पोळत पोळत, धावत.
पहिल्या रात्री पाण्यात लोखंड एवढं
की मी पुन्हा तपासलं.
दुसऱ्या रात्री निम्मं.
तिसऱ्या रात्री रंग इतका फिका उतरला
की परीक्षानळी खिडकीतल्या दिव्यापुढं धरावी लागली.

अडीचला फोन वाजला.
मिस्त्रीची सुट्टी होती, आवाज अंथरुणातला.
"काळं आलं का?"

"दिसत नाही हो इथून.
पाण्यातलं लोखंड घटलंय."

पलीकडं खोकला. मग माचिस ओढल्याचा आवाज.
"आलं मग," म्हणाला,
"त्या पोराला सांग. झोपला नसंल."

नागनाथ दारातच उभा होता,
रिकामी बाटली हातात,
पुढच्या चार तासांची.