कलम नऊ

आमदार निवासासमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
अकरा महिने मार्कशीटा, आधार कार्डं.
डिसेंबरात मात्र अख्खं राज्य येऊन काउंटरला उभं राहतं,
कानटोपी घालून.

पान दोन रुपये. सगळ्यांना दोन.

सोमवारी सकाळी एक चपराशी
विधेयकाच्या चाळीस प्रती काढून घेऊन गेला.
एक पान यंत्रात अडकलं, चुरगळलं, काळं पडलं.
ते मी उधारीच्या वहीला कव्हर म्हणून चढवलं.

मंगळवारी पालीवाल उतरले.
त्यांची बिलं माझ्याकडेच स्कॅन होत, म्हणून पाठ आहेत:
वर्धा रोडच्या हॉटेलात सहा खोल्या,
तीन इनोव्हा, ड्रायव्हरच्या रात्रपाळीसकट,
सावजीचं जेवण दोनदा
(दुसऱ्यांदा शाकाहारी मंडळींसाठी, तेही मटणच),
संत्रा बर्फीचे साठ डबे,
कुणाच्या तरी पुतण्याच्या लग्नातला आहेर.
आणि 'इतर'.
'इतर'चा आकडा सगळ्यांत मोठा,
त्यालाच तेवढी पावती नाही.

बुधवारी कोराडीकडून बाया आल्या.
घरटी वीस रुपये वर्गणी, एक टेम्पो,
आणि पदराच्या गाठीत राख, पुरावा म्हणून.
मिरच्यांवर पडते, दुधावर पडते,
पोरगं खोकतं तेव्हा उशीवर.
वच्छला मोहुर्ले म्हणाली,
"भाऊ, अक्षर मोठं काढ, साहेबाले चष्मा असन."
टेकडी रोडवर पोलिसांनी अडवलं.
कुणी एक साहेब आले, निवेदन घेतलं,
फोटोपुरतं.

शुक्रवारी, गोंधळात, सात मिनिटांत मंजूर.
निवेदनात होतं: कंपनी भरपाई देईल.
कायद्यात आलं: देऊ शकेल.

पालीवालांनी माझ्याच स्टुलावर बसून
कंपनीसाठी अहवाल टाइप करून घेतला.
एका 'शकेल'चे एकवीस लाख चाळीस हजार.
उद्दिष्ट साध्य.
पुढच्या अधिवेशनाचा आगाऊ चेकही आला म्हणे.

रात्री गल्ला मोजताना उधारीची वही हाती आली.
कव्हरवर सोमवारचं पान,
काळ्या डागाच्या कडेला, पुसट, पण लागतं वाचायला:
कलम नऊ. देऊ शकेल.

पालीवालांना सांगितलं नाही. गिऱ्हाईक आहे.

शनिवारी शटर उचललं तर वच्छलाबाई पायरीवर,
बुधवारचे राहिलेले आठ रुपये मुठीत.
पेपरचं कात्रण पुढे केलं,
"शकेल म्हन्जे देईनच ना, भाऊ?"

मी म्हटलं, थांबा जरा,
थंडी आहे,
यंत्र अजून तापलं नाही.