जरा उतरलेला सूर

दांगुओलेने डिस्क आणली ती लोकरी मोज्यात.
एकाच मोज्यात. दुसरा कुठे, मी विचारलं नाही.
चाळीस गिगाबाइट, आणि वजन विटेच्या तुकड्याएवढं.
"निदाहून ब्रोन्युस आलाय," ती म्हणाली,
"तोच अकॉर्डियन घेऊन, एकोणीस वर्षांनी.
त्याचे सूर मी कसे लावले होते ते यात आहे.
कागदावर नाही.
कागद मला तेव्हा मागासलेला वाटायचा."

तिचा नवा कॉम्प्युटर मुका.
आत फिरणारी चकतीच नाही;
चालू की बंद, ते दिव्यावरून ओळखायचं.
क्लायपेडातला फेब्रुवारी, कोरडी हवा, अंगात स्वेटर:
मी आधी रेडिएटरला हात लावला,
अंगातली वीज जिथली तिथे सोडली,
मग डब्याची डावी फळी उघडली.

आत जुनीसाठी जागाच धरलेली नव्हती.
तिची फीत तळव्याएवढी रुंद, चाळीस सुयांची.
इथली खाच नखाएवढी.
मधे एक हिरवा तुकडा लागतो, दुभाष्या.
तो माझ्या खणात होता,
कुणीतरी कधीतरी विचारेल म्हणून.

"आणि हा बारका?"
जंपर. गव्हाच्या दाण्याएवढा.
कुठल्या दोन सुयांवर बसतो, त्यावरून ठरतं
धनी कोण आणि गुलाम कोण.
"असं लिहिलंय?"
लेबलावरच लिहिलंय.
ती काही बोलली नाही.
भुवयांचा चिमटा आणला आणि स्वतःच्या हाताने
दाणा उचलून धन्याच्या जागी बसवला.

बटण दाबलं.
आधी काहीच नाही. मग घसा खाकरल्यासारखं,
मग चढत चढत गेलेला एक सूर, आणि तो टिकला.
मी पडद्याकडे बघत होतो, ती डोळे मिटून.
"सेकंदाला एकशेवीस फेऱ्या," मी माहिती पुरवली.
"असतील. पण 'बी'पर्यंत पोचत नाही.
तेव्हाही पोचायची नाही."

पडदा काळाच.
जुनी थेट पुढे जाऊन बसली होती
आणि आपल्या काळचं घर शोधत होती.
सेटिंगमध्ये शिरून तिला मागे सरकवलं:
आधी नवी, मग तू.

मग फोल्डर दिसला. नोर्कुविएने.
उघडायला गेलो तर: परवानगी नाही.
मालक कोण म्हणून पाहिलं, तर नाव नाही,
नुसते आकडे, एस-एक-पाच-एकवीस,
पुढे ओळभर लांब.

आमच्याकडे लग्न झालं की बाईच्या आडनावाला
शेवटी 'इएने' चिकटतं.
मोडल्यावर कुणी ते राहू देतं, कुणी सोलून काढतं.
तिने काढलं होतं. अर्ज, दोन सह्या, एक सकाळ.
कॉम्प्युटरला त्याची खबर नाही.
त्याच्या लेखी ही झिलीते, ते आकडे,
आणि दोघींची तोंडओळखही नाही.

एक बटण असतं: मालकी घ्या.
तिचा हात माउसवर तसाच.
"घ्या म्हणजे? कुणाकडून?"
मी म्हणालो, सेटिंग आहे, एवढंच.
"तू अजून लहान आहेस, एइमांतास," असं म्हणून तिने दाबलं.

फायली एकेक करून पडद्यावरून गेल्या.
गॅसचं बिल. वकिलाला पत्र. वकिलाला पत्र दोन.
वकिलाला पत्र शेवटचं. वकिलाला पत्र खरंच शेवटचं.
मी चहा ठेवायला उठलो.
परतलो तेव्हा ब्रोन्युसचा तक्ता उघडला होता,
आणि ती पेन्सिलीने कागदावर उतरवत होती.

प्रत्येक सुरासमोर दोन आकडे.
एक बरोबर, दुसरा किंचित चढा.
चुकलंय का?
"मुद्दाम. दोन्ही पट्ट्या तंतोतंत जुळवल्या
तर बाजा कोरडा बोलतो."

काम झालं. डिस्क काढू का, मी विचारलं.
"थांब."
डब्यातला पंखा एका सुरात घुमत होता,
जुनी डिस्क त्याच्या जराशी वर,
आणि दोघांच्या मधे
काहीतरी हेलकावत होतं, कळेल न कळेलसं.
तिने पेन्सिलीने टेबलावर ठेका धरला, मोजलं.

"सेकंदाला दोन," ती म्हणाली.
"ब्रोन्युसला तीन लागतात."