शुक्रवारची डावी बाजू

सकाळी साडेसातला फौंड्रीची बस तावडे हॉटेलापाशी सोडते.
तिथून उत्तरेश्वर पेठेपर्यंत मी स्कूटरवर
आणि माझ्या पापण्या माझ्या मागून, पायी.

नाकात भाजलेली वाळू.
डोक्यात रात्रभर तपासलेली पंपाची कव्हरं:
पास, पास, रिजेक्ट, पास.
एखाद्याला सुईच्या टोकाएवढं भोक,
आणि त्यातून सबंध पाळी गळून जाते.

वैजयंता अंगणवाडीला गेलेली असते.
खिडकीला तिनं जुनी निळी साडी अडकवलीय माझ्यासाठी.
भर उन्हात आमच्या खोलीत
साडेसहा वाजलेले असतात.
मी आडवा होतो.
शेजारच्या शिंत्र्यांचा मिक्सर चटणी वाटतोय,
वाटतोय,
मग तो मिक्सर हळूच वडणग्याला निघून जातो

आणि कुणीतरी अगदी साध्या आवाजात सांगतं
की आठानं सातकडून उसने घेतलेत,
म्हणून तो असा वाकून उभा असतो त्याच्या मागे.
मी म्हणतो, व्हय, दिसतंयच की.

गंगावेशीत म्हशी धारेला उभ्या आहेत.
त्यातली एक मला ओळखते.
इथं सही करा, म्हणते.
कुठल्या नावानं करायची ते आठवत नाही.
ती थांबते.
म्हशीला कुठं जायचं नसतं.

रंकाळ्याला शिवण आहे, हे आत्ताच कळलं.
संध्यामठाच्या अंगानं उसवत आलीय.
महापालिकेला कळवायला पाहिजे,
पण तो अर्ज ज्या भाषेत करायचा
ती उशीच्या पलीकडच्या बाजूला असते,
आणि कूस बदलली
की पलीकडची बाजूही कूस बदलते.

माझी एक टाच अजून बिंदू चौकात,
सिग्नल सुटायची वाट बघत—

नसलेल्या पायरीवरून पाय जातो.
खोली धाडकन जाग्यावर येते.
पंखा. साडी. मिक्सर.
तोंडात कोरडी चव.

आणि पुन्हा बुडताना, नेमकं त्या काठावर,
मला उत्तर सापडलं.
कव्हरच्या भोकांचं.
चार वर्षं आम्ही वाळूचा ओलावा मोजला, रेझिन बदललं,
पुण्याहून एक टायवाले येऊन दोन दिवस भट्टीकडं बघत बसले,
आणि हे इतकं सोपं!
रडूच आलं मला, सोपं असल्याचं.
डोळे न उघडता खिशातलं रिजेक्शनचं पॅड काढलं,
मागच्या कोऱ्या बाजूला सगळं लिहिलं,
आणि दगडासारखा झोपलो.

चारला उठलो. चहा ठेवून चिठ्ठी काढली.
अक्षर माझंच, जरा चढावर गेलेलं:

'शुक्रवारची डावी बाजू ओली आहे.
तिकडून धरू नका.'

एवढंच.
उलटून पाहिलं. उजेडात धरलं.
चहा उतू गेला.

रात्री निवास आंब्याला चिठ्ठी दाखवली, हसायला.
तो हसला नाही.
दोनदा वाचली, ग्लोव्ह्जच्या बोटानं घामाचा डाग पुसला.
"आज वार कुठला रं?"
"शुक्रवार."
"मला झोपताना वाटतं,
माझं हात आधीच घरी जाऊन जेवल्यात," तो म्हणाला,
"पण हे काय लिहून ठेवलं न्हाई कधी."

मग कव्हरांची ट्रॉली ढकलायच्या वेळी
तो काही न बोलता वळसा घालून उजवीकडं आला.
मी तिथं आधीच होतो.
दोघांच्या एकाच बाजूच्या जोरानं
ट्रॉली जरा तिरकी गेली, खांबाला घासली,
सुपरवायझर वरून ओरडला.

त्या रात्रीही अकरा रिजेक्ट निघाले.
अकरा स्लिपांवर मी सह्या केल्या,
पहिलीपाशी थोडा थांबून.