ठोकळा क्रमांक एकोणीस

सातव्या दिवशी ठोकळा अठरावरच फुटला.
फोनवर रादिम, पुलाचा मुकादम, तापलेला:
"द्राहोमिरा, अर्धं सिमेंट काढून मळी घातलीस.
आता या थंडीत टेकू कधी काढू? ईस्टरला?"

मी म्हटलं, मुरू दे.
हा शब्द त्याला आवडत नाही.
त्याला क्रेनचं भाडं दिवसाला पडतं.

ओस्त्रावात नोव्हेंबर म्हणजे चारला काळोख.
टाकीतलं पाणी तेवढं वीस अंशांवर,
आणि तळाशी बसलेले माझे ठोकळे,
पाठीवर मेणखडूने तारीख.
सकाळी कोट काढायच्या आधी
मी त्यांच्याकडे एकदा बघून येते.
बघून काही कळत नाही, तरी.

मळी आमच्याकडे नवी नाही.
लुबोर आजोबा भट्टीवर होते.
रात्री ती उतारावरून ओतली जायची,
आईच्या खोलीची भिंत लाल व्हायची,
आणि त्या उजेडात ती गृहपाठ करायची, वीज वाचवायला.
(थोडं खोटं असेल. आमच्या घरात
काटकसरीच्या गोष्टी फुगतात.)
लोखंड आगगाडीत बसून निघून गेलं.
डोंगर आमच्या वाट्याला आला.

तो डोंगर मला चालत नाही.
तो आपल्या सवडीने निवला, दगड झाला,
फार तर रस्त्याखाली खडी.
मला हवी ती पाण्याच्या फवाऱ्यात झटक्यात गार केलेली,
काचेच्या वाळूसारखी,
दळली की सिमेंटहून पांढरी.
घाईने निवलेली तीच
पुढे सावकाश काम करते.

एकटी मात्र नाही.
नुसत्या पाण्यात ती भिजत पडेल.
शेजारी थोडं सिमेंट लागतं, चुना सोडणारं,
मग हळूहळू तोंड उघडते.
माझा भाऊ साडेतीन वर्षं बोलला नव्हता.
आता थांबत नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी रादिम स्वतः आला,
बुटांना चिखल, टोपी मुठीत.
एकोणीस नंबर यंत्रात ठेवला.
तीस. छत्तीस. एकेचाळीस.
रादिमने श्वास धरलेला. मीही, खोटं कशाला बोलू.
सत्तेचाळीसला तडकला

आणि आतून निळा निघाला.
हिरवट निळा, मोरचुदाच्या पाण्यासारखा.
रादिमने तुकडा उचलला, वास घेतला, नाक मुरडलं.
"रंग घातलास?"
नाही. मळीतलं गंधक.
हवा लागली की जातो, होतो नेहमीसारखा राखाडी.
खांबाच्या पोटात, जिथे हवा पोचत नाही,
तिथे राहील.
वरून ट्राम जातील, कुणाला दिसणार नाही.

त्याने तुकडा पावाच्या पिशवीत गुंडाळला,
तोंडाला गाठ मारली, खिशात टाकला.

सोमवारी फोन.
"मुलीला दाखवेपर्यंत गेला गं रंग."
मग जरा थांबून,
"टेकू उद्या काढतोय."

मी टाकीपाशी गेले.
छप्पन्न दिवसांचे तीन अजून तळाशी आहेत.