तीनशे मीटर

मंगळवारी सकाळी ते चार दहावर उभं होतं.
मांडवीला मुर्तझाभाईंनी भिंगातून पाहिलं,
कानाशी धरलं, दोनदा हलवलं. चालू झालं.
"घड्याळ बराबर छे, साहेब.
तुमचा हातच चालत नाही."

रिटायर होऊन चौथा महिना.
वीज कंपनीच्या बिलिंग खात्यात
चौतीस वर्षं हात चालला,
तेव्हा मनगटावर होतं सेलवालं,
त्याला माझ्या हाताची काही पडलेली नव्हती.

हे वापरलेलं घेतलं, अलकापुरीत, ग्रॅच्युइटीतून.
चारूला खरी किंमत अजून सांगितलेली नाही.
डबा आहे, कागद आहेत. कागदावर निळ्या शाईत
पहिला मालक: आल्मेडा, मस्कत, दोन हजार सहा.
पट्ट्याच्या दोन कड्या काढून पुडीत दिल्या,
म्हणजे आल्मेडा माझ्याहून दोन कड्या जाड.
काचेला ओरखडा नाही,
पण विसाच्या आकड्यापाशी टवका उडालाय.
कशावर आपटलं असेल? बोटीची शिडी?
समुद्रातला खडक?
की मस्कतच्या ऑफिसातलं लोखंडी कपाट?
कपाट असावं, असं मला आपलं वाटतं.

"तीनशे मीटर खोल चालतं, काका," दुकानातला पोरगा म्हणाला.
वडोदऱ्यात तीनशे मीटर आणू कुठून?
सूरसागरात उतरू देत नाहीत.
विश्वामित्रीत मगरी.
मग ते माझ्याबरोबर सेव-उसळ खायला येत राहिलं.
पट्ट्यात एक चोरघडी आहे, ओढली की लांबते,
पाणबुड्याच्या रबरी पोशाखावरून बसावा म्हणून.
ती मी उत्तरायणाला स्वेटरवर वापरली,
गच्चीत, दुसऱ्याची फिरकी धरून.
आणि बाहेरचं फिरतं कडं चारूनं कुकरला लावलं:
तूरडाळ, बारा मिनिटं.

ते कडं एकाच बाजूला फिरतं.
कट्, कट्, कट्. उलट फिरवाल तर हलत नाही.
पाण्यात कशाचा धक्का लागून सरकलंच,
तर खाली गेल्यापासूनची मिनिटं जास्त दाखवेल,
कमी कधीच नाही.
चुकायचंच असेल तर
माणूस लवकर वर येईल, अशा बाजूनं चुकायचं.
चौतीस वर्षं मी चुका शोधल्या.
चूक कुठल्या बाजूला व्हावी
हे आधीच ठरवून ठेवलेलं
पहिल्यांदा पाहत होतो.

मुर्तझाभाईंनी आतली रबरं बदलली,
दाबाच्या यंत्रात ठेवून तपासलं.
"चावी पुरती आवळा. गरम पाणी नको.
बाकी पाण्यात न्या हो एकदा. बिचारं."

लालबागचा स्विमिंग पूल. सकाळी सातची बॅच.
उथळ बाजूला आम्ही पाच टकले
आणि गळ्यात शिटी अडकवलेली ध्रुवी, वय बावीस.
"काका, घड्याळ काढा."
"हे पाण्याचंच आहे."
"आणि तुम्ही?"

चावी आवळली. कड्यावरचा त्रिकोण
मिनिटकाट्यासमोर आणला.
नाक धरलं. चार फूट.

खाली फरशा हलत होत्या.
कुणाचे तरी पाय, फार पांढरे.
मनगट डोळ्यांसमोर आणलं तर वेळच नाही;
पाण्याखाली हात जरा कलला
की काचेचा चक्क आरसा होतो.
त्यात गाल फुगवलेला एक इसम,
भेदरलेला, पण हजर.
हात सरळ केला. तो गेला.
सेकंदकाटा दिसला, संथ, घसरत गेल्यासारखा,
अकरा, बारा,
कानात माझंच रक्त,
सतरा,
आल्मेडा, तू इथे काय बघायचास रे,

एकोणीस.

खोकत वर आलो. ध्रुवीनं शिटी वाजवली नाही,
फक्त बोटानं खूण केली: परत.

घरी चारूनं घड्याळ उजेडाकडे धरून पाहिलं,
पदरानं पुसलं, पुन्हा पाहिलं.
"आत पाणी गेलं?"
"काय?"
"पाणी. आत. गेलं का?"
"काय म्हणतेस?"
तिनं माझी मान एका बाजूला वाकवली
आणि उजव्या कानामागे
जोरात थोपटलं.